उजवी बाजू

मी खोली बघायला गेले तेव्हा मेजर एका नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या दाराशी उकिडवे बसले होते आणि गाडीचा मालक त्यांना म्हशीची गोष्ट सांगत होता. मालक बेदाण्याचा व्यापारी. मणेराजुरीच्या रस्त्याला म्हैस आडवी आली आणि दाराला धडकली, असं त्याचं म्हणणं. मेजरांनी त्या पोच्यावरून चार बोटं फिरवली, कडेकडेनं अंगठा दाबून बघितला आणि मान वर न करता म्हणाले, "म्हैस न्हाई. शिमिटाचा खांब हाय. गाडी मागं घेताना लागलाय. आन् लागल्यावर तुमी थांबला न्हाईसा, आणिक दाबलीया."

व्यापारी ओशाळून हसला. मग कबूल झाला. खांबच होता, सासुरवाडीच्या दारातला.

"मग आता करतो," मेजर म्हणाले. "मार कुठनं आला ह्ये खरं कळल्याबगर पत्रा कुठं ताणलाय त्ये कळत न्हाई. आन् त्ये कळल्याबगर मी हातोडी लावत न्हाई."

त्यांना सगळं तासगाव मेजर म्हणायचं. खरं तर ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आमच्याकडे फौजेतून परत आलेल्या माणसाला गावच बढती देऊन टाकतं. सुरुवातीला ते प्रत्येकाची चूक सुधारायचे म्हणे. पुढे तोही नाद सोडला. मूळचे म्हसवडकडचे. वडिलांची मेंढरं होती. अठराव्या वर्षी भरतीत लागले आणि गाड्यांच्या दुरुस्तीच्या खात्यात पत्र्याच्या कामावर पडले, ते आयुष्यभरासाठी.

मी तेव्हा तासगावच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. खाली वर्कशॉप, मागे त्यांचं घर आणि वर्कशॉपच्या डोक्यावर एक खोली. मेजरांच्या पत्नीनं, म्हणजे काकींनी, भाडं सांगितलं. मी थोडं कमी करा म्हटलं, काकी नाही म्हणाल्या. एवढ्यात मेजर हात पुसत आले आणि मला वाचायला किती येतं असं विचारू लागले. इंग्रजी शिकवते म्हटल्यावर वाचता येणारच, असं मी म्हटलं. तर म्हणाले, मग भाडं निम्मं; पण दर रविवारी सकाळी एक तास मला वाचून दाखवायचं. काकींनी त्यांच्याकडे असं बघितलं की खोली आता मिळत नाही असंच मला वाटलं. पण मिळाली.

मला वाटलं होतं की जमिनीची, पेन्शनची कागदपत्रं असतील. रविवारी त्यांनी फौजेतली काळी लोखंडी पेटी उघडली. आत गुळगुळीत कागदाची जाडजूड पुस्तकं होती. परदेशात जुन्या, दुर्मीळ मोटारींचे लिलाव होतात, त्यांचे ते कॅटलॉग. इंग्लंडच्या, इटलीच्या, जर्मनीच्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या शर्यतीच्या गाड्या, पानभर फोटो आणि शेजारी बारीक अक्षरात त्या गाडीचा सगळा जन्मवृत्तान्त. मेजर ज्यांच्या हाताखाली होते त्या एका साहेबांना मोटारींचं वेड होतं. ते हे कॅटलॉग मागवायचे आणि वाचून झाले की मेजरांना द्यायचे. साहेब वारले, तेव्हा त्यांच्या पत्नीनं उरलेले सगळे या पेटीत भरून पाठवून दिले. पुढचे लिलाव मी फोनवर शोधून वाचू लागले.

वाचन सुरू झालं की मेजर पालथ्या डब्यावर बसत आणि डोळे मिटून घेत. चेसी नंबर, इंजिन नंबर, किती मालक झाले, कुठल्या शर्यतीत धावली, कधी आपटली, अंगावरचा कुठला पत्रा बदलला. मध्येच म्हणत, "पुन्यांदा." मग मी ते वाक्य परत वाचायचे. शेवटी किमतीचा आकडा यायच्या आधी ते हात वर करायचे आणि स्वतः किंमत सांगायचे. रुपयांत नाही, डॉलर-पौंडातही नाही. आण्यांत. त्या जातीची सगळ्यात चांगली गाडी म्हणजे सोळा आणे. ही अकरा, ही नऊ. मी मागच्या विक्रीशी हिशेब लावून बघायचे आणि दर वेळी चाट पडायचे. ज्या माणसानं या गाड्या आयुष्यात पाहिल्या नाहीत, त्याचा अंदाज क्वचितच एखाद्या आण्यानं चुकायचा.

एकदा एका लाल गाडीबद्दल ते म्हणाले, ही विकली जाणार नाही. मी फोनवर लिलावाचा निकाल बघितला. खरंच विकली गेली नव्हती. कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तीन वर्सांत तीन मालक झालं. गाडीत कायतरी हाय, जे लिवल्यालं न्हाई."

पहिल्यांदा मी एका गाडीची किंमत आपल्या पैशात करून सांगितली, तेव्हा आधी शून्यं दोनदा मोजली होती. तीस कोटींच्या वर. काकी शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढ्यात साठ-सत्तर एकर पिकती बाग येईल की."

"बाग पुन्हा लावता येती," मेजर म्हणाले. "ह्यो पत्रा मारणारा मेला."

त्यांचं रोजचं काम मात्र साधं होतं. ट्रॅक्टरचे मडगार्ड, द्राक्षावर फवारणी करायच्या ब्लोअरच्या टाक्या, एसटीच्या धक्क्यानं चेपलेले टेम्पो. पुट्टीला त्यांच्या वर्कशॉपमध्ये मज्जाव होता. पोचा तसाच ठेवून वर लेप देऊन रंग मारायचा, ही बाकीच्यांची रीत. हे पत्रा आतून ठोकून मूळ जागी आणायचे. त्याला वेळ लागे. गिऱ्हाइकं वैतागत, दुसरीकडे जात आणि वर्षभरात रंग उडाला की परत येत. बाभळीच्या लाकडाचे हातोडे ते स्वतः तासायचे. पत्रा ठेवून ठोकायला वाळूची चामडी पिशवी असते, तिच्यातली वाळू माणगंगेचीच लागायची. ती ते म्हसवडहून एसटीनं आणत. सीटखाली कसली पोती आहेत म्हणून कंडक्टरनं विचारलं तर खरं सांगत आणि कंडक्टरचा त्यावर कधी विश्वास बसत नसे.

पत्र्याला हात लावण्याआधी ते घड्याळ आणि अंगठी काढून ठेवत आणि साबणानं कोपरापर्यंत हात धूत. ते ट्रॅक्टरच्या मडगार्डसाठीही. मला हे सगळं विक्षिप्तपणाचंच वाटायचं. मी मैत्रिणींना फोनवर त्यांच्या गोष्टी सांगून हसवायचे. ते हसणं थांबलं त्याची गोष्ट आता सांगते.

मला तिथे राहून तीन वर्षं झाली होती. एका रविवारी मी फोनवरून एका इटालियन गाडीची माहिती वाचत होते. दोन माणसांची, उघडी, अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाची. डोंगरातल्या शर्यतींसाठी एका लहानशा कारखान्यानं अशा अकराच गाड्या बनवल्या होत्या. नऊ कुठे आहेत ते ठाऊक होतं, दोन बेपत्ता होत्या. त्या दोघींचे चेसी नंबर तळाशी दिले होते. मी ते गाळून किमतीकडे वळणार, तर मेजर म्हणाले, नंबर वाचा. मी दोन्ही वाचले.

"दुसरा पुन्यांदा. येक येक आकडा."

मी सावकाश वाचला. त्यांनी डोळे उघडले. "ह्यातल्या तिनाचं डोस्कं चपटं हाय," ते म्हणाले.

मी फोनवरचा आकडा मोठा करून बघितला आणि तसं काही दिसत नाही म्हणून सांगितलं.

"फोनवर न्हाई. गाडीवर. त्यो नंबर मी माझ्या हातानं धूळ पुसून वाचलाय."

ते घरात गेले आणि एक डायरी घेऊन आले. हात लावलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर ते लिहून ठेवत. अशा बऱ्याच डायऱ्या होत्या. ही बावीस वर्षांपूर्वीची होती. पान काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं. आकडे तेच होते. सगळे. मी तीनदा ताडून बघितले.

झालं होतं असं. साहेबांचे एक मित्र पाचगणीला राहायचे. त्यांनी तरुणपणी परदेशातून ही गाडी आणली होती. ते वारल्यावर गाडी बंगल्याच्या गॅरेजमध्ये पडून राहिली. एका वादळात सिल्व्हर ओकचं झाड गॅरेजवर कोसळलं आणि दारापासून मागच्या दिव्यापर्यंत गाडीची सगळी उजवी बाजू चेचली गेली. मेजर तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. साहेब त्यांना तिथे घेऊन गेले. दोन महिने पाचगणीत राहून त्यांनी ती बाजू नव्यानं घडवली. गाडी कुणी बनवलेली, कुठली, किती मोलाची, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांनाही नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही एसटीनं सातारा, तिथून वाई आणि घाट चढून पाचगणीला गेलो. गाडीच्या मालकीणबाई त्या मित्राच्या पत्नी; पारशी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या. तिथल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर पियानो शिकवला होता. मेजर त्यांना मॅडम म्हणायचे. मूलबाळ नव्हतं. बंगल्याच्या आवारात एक माळी-दाम्पत्य राहायचं. उतारावर स्ट्रॉबेरी लावायचं आणि मॅडमचं औषधापासून वेणीफणीपर्यंत सगळं बघायचं. तीस वर्षं. बंगला भाडेपट्ट्याचा होता आणि पट्टा मॅडमच्या हयातीपुरताच. त्या आम्हाला म्हणाल्या, की मी गेले की या दोघांना जागा सोडावी लागेल, तीच एक काळजी मला झोपू देत नाही. गाडी विकून यांच्या नावावर घर होईल का, एवढंच त्यांनी विचारलं.

मेजरांनी मला किंमत सांगायला सांगितलं. मी सांगितली. मॅडमनी कानामागे हात धरून ती पुन्हा ऐकली. मग हळूच विचारलं, "घर एकच पाहिजे. उरलेल्याचं काय करायचं?"

माळ्यानं गॅरेजचं दार उघडलं, तीन चादरी काढल्या आणि मी ती गाडी पाहिली.

मला गाड्यांतलं काही कळत नाही. कळावं असं कधी वाटलंही नव्हतं. फिकट निळ्या रंगाची, माझ्या कमरेएवढी उंच, छप्पर नसलेली ती वस्तू बघून मी दारातच थांबले. तिच्या अंगावर कुठेही सरळ रेघ नव्हती. पुढच्या चाकावरून निघालेला उंचवटा दारापाशी खाली उतरत होता, मागच्या चाकाकडे पुन्हा वर येत होता आणि शेपटाशी नाहीसा होत होता. ती उभी होती तरी आत्ताच येऊन थांबल्यासारखी वाटत होती. हे कुणीतरी नुसत्या हातोडीनं घडवलं आहे, हे मला समजत होतं आणि खरं वाटत नव्हतं. मी डाव्या बाजूनं गेले, उजव्या बाजूनं आले. दोन्ही बाजू एकसारख्या होत्या. मेजरांची कोणती हे मला मुळीच सांगता आलं नसतं.

लिलाव कंपनीला मी पत्र लिहिलं, फोटो पाठवले. महिन्याभरात त्यांचा पारखी इंग्लंडहून पाचगणीत येऊन दाखल झाला. पन्नाशीचा, सडपातळ, मितभाषी. मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं आणि मेजरही बरोबर होते. मॅडमशी सकाळी थोडं बोलून तो कामाला लागला. दिवसभर त्यानं पत्र्याची जाडी मोजली, आरसा आणि बॅटरी घेऊन कानाकोपरे बघितले, चेसी नंबरच्या पट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घासली. चहालासुद्धा थांबला नाही. चार वाजता तो उठला, गुडघे झटकले आणि मला म्हणाला, की गाडी अस्सल आहे, आणि तिचं अंग कारखान्यातून निघालं तसंच आहे, पत्रा कुठेही बदललेला नाही. बाकीच्या नऊंतल्या सहांचे पत्रे बदललेले आहेत. ही आजवरची सगळ्यात महाग ठरू शकते.

मी हे मेजरांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यास्नी सांगा, उजवी बाजू माझी हाय."

मी त्याच्याकडे वळले. ओसरीवर मॅडम आरामखुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. माळ्याची बायको त्यांच्या पायांना तेल लावत होती. मी इंग्रजीत म्हटलं, "हे म्हणतात, गाडी फार सुंदर आहे."

पारखी हसला, मान डोलावली. मी मेजरांकडे बघितलं नाही. इतकी वर्षं दर रविवारी मीच त्यांना ती भाषा ऐकवत होते, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातही आलं नाही. ते दोन पावलं पुढे आले. गाडीच्या उजव्या दारावर हात ठेवला आणि त्या माणसाकडे बघत एकेक शब्द जुळवून म्हणाले, "राइट साइड नॉट ओरिजिनल. आय मेक."

पारखी माझ्याकडे बघू लागला. मला मान खाली घालावी लागली. मग मी सगळं सांगितलं. झाड, दोन महिने, सगळं. त्याचा विश्वास बसेना. दिवसभर तपासलं, दोन बाजूंत केसाचाही फरक नाही, असं कसं होईल, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

मेजरांनी मला सांगितलं, की आता मी बोलतो ते नीट सांगा, एक शब्द गाळू नका. आणि ते बोलले.

"ही गाडी ज्येनं मारली त्यो माणूस डावरा हुता. डाव्या हातानं हातोडी मारायचा. पत्र्याच्या आतल्या अंगाला त्येच्या ठोक्याचं वण हायत, ते समदे एका अंगाला कलत्यात. मी चेचल्याला पत्रा आठ दिस निस्ता बघत बसलो. मग डाव्या हातानं मारायला शिकलो. पंधरा दिस भंगारातल्या पत्र्यावर शिकलो, तवा ह्येला हात लावला. भायेरनं त्येच्यासारखंच केलंय. पर मागच्या चाकाच्या वर आतल्या अंगाला, जिथं कुणी बघत न्हाई, तिथं ईतभर जागंत मी माझ्या उजव्या हातानं मारलंय. वण दुसरीकडं कलत्याल. कवातरी कुणी इचारलं तर सांगता यावं म्हणून."

मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

पारखी जमिनीवर उताणा झाला आणि आरसा-बॅटरी घेऊन मागच्या चाकाखाली सरकला. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. पंधरा-वीस मिनिटं त्याचे नुसते बूट दिसत होते. बाहेर आला तेव्हा त्याचे केस धुळीनं माखले होते. त्यानं मेजरांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, तळवा वर केला आणि बघत राहिला. नंतर मला म्हणाला, की तीस वर्षं मी हे काम करतो आहे, माझ्याबाबतीत असं पहिल्यांदाच घडलं. झाड पडल्याचं सकाळी मॅडमनी मला सांगितलं होतं. पत्र्यावर काही खूण दिसेना, म्हणून मी समजलो की वयामुळे त्यांची गफलत होते आहे.

मॅडमनी डोळे उघडले. "मी पियानो विसरले," त्या म्हणाल्या. "झाड नाही विसरले."

म्हणजे त्या आवारात खोटं बोललेली मी एकटीच होते.

परतताना पसरणीच्या घाटात मी मेजरांची माफी मागितली. ते खिडकीतून कृष्णेचं खोरं बघत होते. म्हणाले, तुम्ही त्या दोघांच्या घरासाठी बोललात हे मला कळलं, त्याचा राग नाही. वाईचा स्टँड जवळ आल्यावर म्हणाले, "बाई, त्यो डावरा मेला आसंल. त्येच्या नावावर माझं काम घालाय मला काय हक्क? आन् खरं सांगू का, माझं काम त्येच्या नावावर गेल्यालं मलाबी सोसलं नसतं."

कागदपत्रं, परवानग्या आणि समुद्रावरचा प्रवास यात दहा महिने गेले. कॅटलॉग छापून आला. कंपनीनं एक प्रत मेजरांच्या पत्त्यावर पाठवली होती. रविवारी मी तो वाचायला घेतला. गाडीच्या माहितीत लिहिलं होतं, की झाड पडल्यावर उजव्या बाजूचे पत्रे भारतात नव्यानं घडवले आहेत, आणि पुढे मेजरांचं पूर्ण नाव होतं, गावासकट. त्यांच्या कामाबद्दल एक अख्खा परिच्छेद होता. मी तो इंग्रजीत वाचला आणि काकींसाठी मराठीत सांगितला. काकींनी पदराला हात पुसून पुस्तक घेतलं. इंग्रजी येत नव्हतं तरी नावावर बोट ठेवायला सांगितलं आणि तिथे बघत बसल्या.

मेजरांनी विचारलं, "डाव्या बाजूला कुणाचं नाव हाय?"

मी शोधलं. तिथे लिहिलं होतं, मूळ कारागीर अज्ञात.

"माझं हाय आन् त्येचं न्हाई?"

नाही, मी म्हटलं. ते पुढे काही ऐकेनात. त्या दिवसाचं वाचन तिथेच थांबलं. संध्याकाळी माझ्याकडे कागद घेऊन आले आणि पारख्याला पत्र लिहायला सांगितलं. कारखाना लहान होता, गाव लहान होतं, डावखुरे पत्रेकाम करणारे असे कितीसे असतील. तेवढं नाव तुम्ही शोधा, एवढंच त्यात होतं.

लिलाव झाला तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे पाच वाजले होते. फोन वाळूच्या पिशवीला टेकवून ठेवला होता. मेजर, काकी, मी आणि मडगार्ड न्यायला आलेला एक शेतकरी, असे चौघे बघत होतो. मेजर आधीच बारा आणे म्हणून बसले होते. उजवी बाजू आपली, त्याचे चार आणे त्यांनी कापले होते. आकडा चढत गेला. मध्ये एकदा थांबला, पुन्हा चढला. शेवटी तिच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे अकरांतल्याच आधी विकलेल्या गाडीला, मिळालेल्या किमतीच्या पाऊणपटीला थोडा कमी पडून हातोडा पडला. शेतकऱ्यानं मला विचारलं, हे किती झाले. मी सांगितले, तर तो मडगार्ड तसंच टाकून खाली बसला. मेजरांनी पाचगणीला फोन लावला. माळ्यानं उचलला. मेजर त्याला एवढंच म्हणाले, की घर झालं म्हणून मॅडमना सांग.

घर खरंच झालं. पाचगणीच्या खालच्या अंगाला, दोन खोल्या, पडवी आणि मागे स्ट्रॉबेरीपुरती जमीन. मॅडम पुढे वर्षभर जगल्या; अधूनमधून तिथे जाऊन पडवीत बसत. उरलेल्या पैशांचं त्यांनी काय करायचं ते नीट कागदावर लिहून ठेवलं होतं. त्यात मेजरांसाठीही होतं. मेजरांनी दोन महिन्यांची मजुरी मला तेव्हाच मिळाली आहे असं कळवून ते परत केलं. त्यावर काकी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

माझी बदली कराडला झाली. तरी महिन्याच्या एखाद्या रविवारी मी तासगावला जायचे. पत्राचं उत्तर आलं नव्हतं आणि मेजर त्याबद्दल विचारतही नव्हते. मी पोचले की ते माझ्या पिशवीकडे बघत, तेवढंच.

गेल्या वर्षी एक पाकीट माझ्या कॉलेजच्या पत्त्यावर आलं. मी ते फोडलं, वाचलं आणि रविवारची वाट न बघता दुसऱ्या दिवशी रजा टाकून तासगावची गाडी धरली. मेजर एका टेम्पोच्या दाराशी काम करत होते. मला मधल्याच वारी बघून त्यांनी हातोडा खाली ठेवला. मी पाकीट दाखवलं, तसे ते उठले. नळावर गेले, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि मग पाकीट घेतलं.

आत एक जुना फोटो होता. कारखान्याच्या अंगणात दहा-बारा कामगार ओळीनं उभे होते, ढगळ कपडे, बाह्या सारलेल्या. बहुतेकांच्या हातात हत्यारं होती. पारख्यानं लिहिलं होतं, की कारखाना केव्हाच बंद पडला, पण गावातल्या एका म्हाताऱ्या बाईकडे हा फोटो मिळाला. त्यात तिचे वडील आहेत. उजवीकडून तिसरे. अकराही गाड्यांचे पत्रे त्यांनीच मारले. ती पत्राबरोबर हेही कळवते, की घरात जेवताना वडिलांचं कोपर शेजारच्याला लागायचं म्हणून ते नेहमी टेबलाच्या डाव्या टोकाला बसत.

मेजरांनी फोटो दारातल्या उजेडात नेला. उजवीकडून तिसरा माणूस बुटका होता, कपाळावर केस आलेले, कॅमेऱ्याकडे बघून जरा लाजलेला. लाकडी हातोडा त्याच्या डाव्या हातात होता.

मेजर किती वेळ उभे होते ते मी सांगू शकत नाही. काकी बाहेर आल्या, त्यांनी फोटो बघितला आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"मला वाटलं हुतं उंच आसंल," शेवटी मेजर म्हणाले. मग विचारलं, "नाव काय?"

मी पत्रातून नाव वाचलं. त्यांनी ते म्हणून बघितलं. जीभ मधल्या जोडाक्षरावर अडली. मी पुन्हा वाचलं, ते पुन्हा म्हणाले. अजून थोडं चुकत होतं. मी तुकडे करून सांगितलं. फोटोतल्या माणसाकडे बघत ते एकेक तुकडा म्हणत गेले आणि मग सगळं नाव एका दमात म्हणाले.

"आता बराबर हाय का?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, बरोबर आहे.